कायद्याची प्रवेश परीक्षा आणि तर्कशक्तीचे प्रश्न

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय "कायद्याचे शिक्षण व आपला समाज" असा छापला आहे. विषय मोठा आहे आणि त्यावर बोलण्याचा माझ्यापेक्षा अधिक अधिकार असलेली मंडळी या व्यासपीठावर बसलेली आहेत. मी जिल्हा न्यायालयात वकिली करणारा साधा माणूस. गेली काही वर्षे दर रविवारी सकाळी संस्थेच्या अभ्यासिकेत मुलामुलींचा प्रवेश परीक्षेचा सराव घेण्याचे काम माझ्याकडे आलेले आहे. तेव्हा अध्यक्षांची परवानगी घेऊन मी विषय जरा लहान करतो आणि त्या परीक्षेतला एकच भाग, तर्कशक्तीचे प्रश्न कसे हाताळावेत, एवढेच आपणासमोर मांडतो. आमच्या मुलांचे सर्वांत जास्त गुण याच भागात जातात, आणि ते बुद्धी कमी पडते म्हणून जात नाहीत, हे मी जवळून पाहिलेले आहे.

वडीलधाऱ्यांसाठी आधी थोडी माहिती देतो. बारावीनंतर पाच वर्षांत कायद्याची पदवी देणाऱ्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांपैकी पहिल्या बंगळूरच्या संस्थेचे वर्ग १९८८ साली सुरू झाले. पुढे राज्याराज्यांत अशी विद्यापीठे निघाली. आपल्या महाराष्ट्रात ती मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. त्यांच्यासाठी २००८ पासून क्लॅट नावाची सामाईक परीक्षा होते. दोन तासांत एकशेवीस प्रश्न, बरोबर उत्तराला एक गुण, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा, आणि पेपर फक्त इंग्रजीत. त्यात साधारण बावीस ते सव्वीस प्रश्न निव्वळ तर्काचे असतात. आपल्या राज्याची एमएच-सीईटी ही परीक्षा वेगळी. ती मराठीतूनही देता येते आणि तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एक गोष्ट आताच सांगून ठेवतो: सीईटीत एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही.

पूर्वी तर्कशक्ती म्हटले की "तो माझ्या वडिलांच्या एकुलत्या एका मुलाचा मुलगा आहे" अशी नात्यांची कोडी, गोल टेबलाभोवती कोण कुठे बसले, सांकेतिक भाषेत अमुक शब्द कसा लिहाल, असले प्रश्न येत. सीईटीत ते अजूनही असतात, आणि सरावाने कुणालाही जमतात, त्यावर मी वेळ घेत नाही. क्लॅटचा साचा मात्र २०२० पासून बदलला. कोडे अधूनमधून येते, पण मुख्य भर आता उताऱ्यावर आहे. साडेचारशे शब्दांपर्यंतचा उतारा देतात आणि विचारतात की लेखकाचे म्हणणे काय, ते कशावर उभे आहे, कशाने पडेल, कशाने टिकेल. अमेरिकेत व कॅनडात एलसॅट नावाची अशीच परीक्षा १९४८ पासून आहे. तिथेही ऑगस्ट २०२४ पासून कोड्यांचा विभाग काढून टाकला, आणि ज्यांचे गुण धरतात अशा तीन विभागांपैकी दोन आता अशाच प्रश्नांचे असतात. वकील व्हायला निघालेल्या मुलाला दुसऱ्याचे म्हणणे नीट वाचता येते की नाही, हे त्यांना पाहायचे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. उतारा हातात आला की तो कोर्टातल्या कागदासारखा वाचावा. आमच्याकडे दावा दाखल होतो, समोरच्याची कैफियत येते, पुरावा होतो, आणि जेवढे दप्तरी आले तेवढ्यावरच न्यायाधीश निकाल देतात. न्यायाधीश त्याच गावचे असोत, वाद ज्या बांधाचा आहे तो बांध त्यांनी लहानपणापासून पाहिलेला असो, ती खासगी माहिती त्यांना निकालात आणता येत नाही. परीक्षेला बसलेला विद्यार्थी दोन तासांपुरता तसा न्यायाधीश असतो. उताऱ्यात नसलेली गोष्ट, मग ती कितीही खरी असो, त्याच्या कामाची नाही. उताऱ्यात असलेली माहिती, मग ती त्याला कितीही खोटी वाटो, प्रश्नापुरती मानून चालायची. आमची मुले हुशार आहेत, वर्तमानपत्र वाचतात, सभांना जातात, त्यांना पुष्कळ माहीत असते, आणि ते माहीत असलेलेच त्यांच्या आड येते.

दुसरी गोष्ट. प्रत्येक युक्तिवादात एक निष्कर्ष असतो आणि त्याला आधार म्हणून दिलेली काही विधाने असतात. आधी निष्कर्ष शोधावा. तो नेहमी शेवटी असतो असे नाही, पुष्कळदा पहिल्याच वाक्यात असतो. कुठल्या वाक्याला बाकीची वाक्ये "कारण" म्हणून जोडता येतात, ते पाहावे. निष्कर्ष सापडला, आधार सापडले, की दोहोंच्या मध्ये एक फट राहते. लेखक त्या फटीवरून उडी मारून पलीकडे गेलेला असतो. ती उडी कुठे मारली हे ज्याला दिसले, त्याला त्या उताऱ्यावरचे निम्मे प्रश्न सुटले असे समजावे. गृहीतक कोणते, दोष कोणता, कशाने दुबळे होईल, कशाने बळकट होईल, हे सगळे प्रश्न त्या एका फटीभोवती फिरतात.

एक उदाहरण देतो. हे उदाहरण आमच्या सचिव साहेबांना फारसे आवडत नाही, पण मुलांना चांगले लक्षात राहते. समजा कुणी लिहिले: "आमच्या वस्तीत ज्या वर्षी अभ्यासिका सुरू झाली त्याच वर्षी दहावीचा निकाल पुष्कळ वाढला. म्हणजे अभ्यासिकेमुळेच निकाल वाढला." प्रश्न असा, की पुढीलपैकी कोणत्या गोष्टीने हा युक्तिवाद सर्वांत जास्त दुबळा होईल? पहिला पर्याय, अभ्यासिकेत पंखे पुरेसे नाहीत. दुसरा, त्याच वर्षी जवळच्या शाळेला कित्येक वर्षांनी गणिताचा कायम शिक्षक मिळाला. तिसरा, शेजारच्या वस्तीत मुलांची संख्या जास्त आहे. चौथा, वस्तीतली काही मुले अभ्यासिकेत कधी गेलीच नाहीत.

अभ्यासिकेत हा प्रश्न टाकला की हात चौथ्या पर्यायाला वर होतात. काही मुले गेलीच नाहीत, मग अभ्यासिकेमुळे निकाल कसा वाढला, असे ती म्हणतात. पण न गेलेल्या मुलांचा निकाल काय लागला, हे त्या पर्यायात कुठे सांगितले आहे? ती नापास झाली असतील तर अभ्यासिकेची बाजू उलट बळकटच होते. पास झाली असतील तर दुबळी होते. जो पर्याय दोन्हीकडे झुकू शकतो, तो उत्तर नसतो. पंख्यांचा आणि शेजारच्या वस्तीचा आपल्या निष्कर्षाशी संबंध नाही. उरला दुसरा. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली, असे लेखक म्हणतो, आणि शिक्षकाचा पर्याय त्याच वाढीचे दुसरे कारण पुढे ठेवतो. उत्तर ते. यावर आमचे सचिव म्हणाले, "साहेब, आम्ही अभ्यासिकेसाठी घरोघर फिरून वर्गणी गोळा केली आणि तुम्ही मुलांना तिच्याविरुद्ध शिकवता!" मी म्हणालो, आपल्याला ज्याचा अभिमान आहे त्याच उदाहरणावर हे शिकता आले तर परक्याच्या उताऱ्यावर सोपे जाईल. सचिव पुढच्या वर्षी अभ्यासिकेत येणाऱ्या आणि न येणाऱ्या मुलांचे निकाल वेगवेगळे लिहून घेऊ लागले. ते रजिस्टर अजून चालू आहे.

गृहीतकाच्या प्रश्नाला एक खात्रीची कसोटी आहे. पर्याय उलटा करून पाहावा. "गावातून तालुक्याला नवी बस सुरू झाली, म्हणून आता गावातल्या मुली तालुक्याच्या कॉलेजात जातील." लेखकाने काय धरून चालले आहे? एक पर्याय म्हणतो, बस मोफत आहे. दुसरा म्हणतो, बस कॉलेजच्या वेळेला उपयोगी पडेल अशी सुटते. पहिला उलटा करा: बस मोफत नाही. मग काय झाले, तिकीट काढून जातील, युक्तिवाद उभाच आहे. दुसरा उलटा करा: बस कॉलेजच्या वेळेला सुटतच नाही. आता युक्तिवाद कोसळला. जो उलटा केल्यावर युक्तिवाद कोसळतो, तेच गृहीतक. पहिला पर्याय खरा असता तर मुलींचे भले झाले असते, यात शंका नाही. पण भले होईल ते निवडायला सांगितलेले नाही.

आता मी जरा भाषेकडे वळतो, कारण पेपर इंग्रजी असला तरी आमची मुले विचार मराठीत करतात, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. उलट आपल्या मराठीत एक असे अक्षर आहे की ते नीट समजले तर इंग्रजीतले चार अवघड शब्द समजतात. ते अक्षर म्हणजे "च".

"सभासदांनाच पुस्तक मिळते" आणि "सभासदांना पुस्तक मिळतेच", ही दोन वाक्ये पाहा. अक्षर एकच, जागा बदलली आणि अर्थ उलटला. पहिल्या वाक्याचा अर्थ, ज्याला पुस्तक मिळाले तो सभासद असलाच पाहिजे. प्रत्येक सभासदाला पुस्तक मिळेल असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. दुसऱ्याचा अर्थ, सभासद असाल तर पुस्तक नक्की. पण सभासद नसलेल्यालाही मिळत असेल, ते वाक्य त्याविषयी गप्प आहे. पहिल्यात सभासदत्व ही आवश्यक अट आहे, दुसऱ्यात ती पुरेशी अट आहे. इंग्रजीत पहिल्यासाठी "ओन्ली" किंवा "ओन्ली इफ" येते आणि दुसऱ्यासाठी "इफ" किंवा "ऑल". उताऱ्यात "ओन्ली" दिसला की मनातल्या मनात वाक्य मराठीत करा आणि "च" कुठे बसतो ते पाहा. "अनलेस" म्हणजे आपले "शिवाय". "वर्गणी भरल्याशिवाय पुस्तक मिळणार नाही." एका मुलाने हे वाचून वर्गणी भरली आणि ग्रंथपालाशी भांडायला लागला की आता पुस्तक द्या. पुस्तक दुसऱ्याने नेलेले होते. वर्गणी भरल्याशिवाय मिळणार नाही याचा अर्थ भरल्यावर मिळेलच असा होत नाही. प्रवेशाचेही तसेच. बारावीला ठरावीक टक्के असल्याशिवाय क्लॅटच्या प्रवेशाला पात्र होता येत नाही, पण टक्के आहेत म्हणून जागा मिळाली असे कुणी समजत नाही. व्यवहारात आपण बरोबर समजतो, तेच कागदावर आले की गोंधळतो.

ही चूक फार जुनी आहे आणि आपल्या देशातल्या तर्कपंडितांनी ती फार पूर्वी हेरली होती. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच, हे चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही, हे उदाहरण न्यायशास्त्रात दिलेले आहे. बौद्ध तर्कशास्त्री दिङ्नाग याने तर खूण खरी केव्हा मानावी याच्या तीन अटी सांगितल्या. ज्याविषयी बोलतो आहोत तिथे ती खूण असावी. जिथे ती सिद्ध करायची गोष्ट असते अशा इतर ठिकाणीही ती दिसावी. आणि जिथे ती गोष्ट नसते तिथे ती खूण कधीच नसावी. परीक्षेत मुले पहिल्या दोन अटी पाहतात आणि तिसरी विसरतात. स्वयंपाकघरात धूर आहे, अग्नीही आहे, एवढ्याने भागत नाही. तळ्यावर अग्नी नसताना धूर कधी दिसतो का, हे विचारायला हवे. अभ्यासिकेच्या उदाहरणात हाच प्रश्न विचारायचा राहिला होता: जिथे अभ्यासिका नव्हती, तिथेही निकाल वाढला का?

"काही" या शब्दानेही मुले फसतात. आपण बोलताना "काही मुले पास झाली" म्हणतो तेव्हा बाकीची नापास झाली असे ऐकणारा समजतो. परीक्षेत "सम" म्हणजे निदान एक. सगळीच पास झाली असली तरी ते विधान खरे राहते. म्हणून "काही पास झाली" यावरून "काही नापास झाली" हा निष्कर्ष काढता येत नाही. "बहुतेक" म्हणजे निम्म्याहून जास्त. वर्गातली बहुतेक मुले वसतिगृहात राहतात आणि त्याच वर्गातल्या बहुतेकांना शिष्यवृत्ती मिळते, एवढे दिले तर वसतिगृहात राहून शिष्यवृत्ती घेणारा निदान एक तरी आहे हे नक्की. दोन निम्म्याहून मोठे गट एकाच वर्गात एकमेकांवर आल्याशिवाय राहत नाहीत. पण दोन्हीकडे "बहुतेक"च्या जागी "काही" घाला, आणि हातात काही उरत नाही. अनुमानाच्या प्रश्नात जो पर्याय फार मोठ्याने बोलतो, "नेहमी", "कधीच नाही", "सर्वच", "एकमेव", त्याच्याकडे संशयाने पाहावे. उताऱ्यात तसे जोरात म्हटले असेल तरच तो घ्यावा.

इथवर जे सांगितले ते कुठल्याही चांगल्या पुस्तकात थोडेफार सापडेल. आता जे सांगतो ते मला एका विद्यार्थिनीने शिकवले.

मी सरावासाठी एक उतारा तयार केला होता. त्यातला लेखक म्हणत होता की आरक्षणाचा हेतू गरिबी दूर करणे हा आहे, आरक्षण घेणाऱ्यांपैकी काही कुटुंबे आता सुस्थितीत आहेत, तेव्हा जातीचा निकष सोडून केवळ आर्थिक निकष ठेवावा. परीक्षेत असे उतारे येऊ शकतात, म्हणून मुद्दाम घेतला. खाली पाच प्रश्न होते. आमच्या वर्गात एक मुलगी होती, घरातली बारावी झालेली पहिलीच, बाकीच्या उताऱ्यांत तिची उत्तरे सर्वांत चांगली येत. तिने हे पाचही प्रश्न कोरे ठेवले. मी विचारले तर म्हणाली, "सर, याच्या म्हणण्याला बळकटी देणारा पर्याय मी का शोधून द्यायचा? मी हे लिहिणार नाही."

मी त्या वेळी जे उत्तर दिले ते चुकीचे होते. मी म्हणालो, "परीक्षेत भावना आणायच्या नसतात." ती काही बोलली नाही. पुढचे दोन रविवार ती आली नाही. तेव्हा मला उमगले की मी तिला तर्क शिकवला नव्हता, तिला गप्प केले होते. आणि गप्प करण्याचे काम करणारे तिला आयुष्यात इतर पुष्कळ भेटणार होते, त्यासाठी माझी गरज नव्हती.

तिसऱ्या रविवारी तिच्या वडिलांनी तिला परत पाठवले. मी तो उतारा पुन्हा काढला आणि म्हणालो, "ताई, हा लेखक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा आहे असे समज. तू त्याची उलटतपासणी घे. पण एक अट आहे. तो जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालायचे नाही." तिने पेन्सिल घेतली आणि एकेका वाक्यापुढे समासात लिहीत गेली. पहिल्याच वाक्यापाशी थांबली. "आरक्षणाचा हेतू गरिबी दूर करणे हा आहे." त्यापुढे तिने लिहिले, "हे कोणी सांगितले?"

त्या तीन शब्दांत त्या उताऱ्यातली फट तिने बरोबर पकडली. हेतू गरिबी हटवणे हाच असेल, तर लेखकाचा निष्कर्ष विचारात घ्यावा लागतो. हेतू प्रतिनिधित्व हा असेल, सामाजिक भेदाची भरपाई हा असेल, तर काही कुटुंबे सुस्थितीत आली म्हणून निकष बदलावा हे त्यातून निघत नाही. मग ती खालच्या प्रश्नांकडे गेली आणि पाहते तर पाचांपैकी तीन प्रश्न त्याच फटीचे. गृहीतक कोणते? तेच. कशाने दुबळे होईल? ते गृहीतक खोटे ठरवणाऱ्या पर्यायाने. कशाने बळकट होईल? ते खरे ठरवणाऱ्या पर्यायाने. तिने बळकटीचा पर्यायही निवडला आणि हसून म्हणाली, "सर, याला वाचवायचे असेल तर हे सिद्ध करावे लागेल, आणि तेच याला जमणार नाही." विरोधकाची सर्वांत भक्कम बाजू शोधून देणे म्हणजे त्याला मदत करणे, असे तिला वाटत होते. त्याची भक्कम बाजू कळली की घाव कुठे घालायचा ते कळते, हे तिने स्वतः शोधून काढले.

बाबासाहेबांनी हे आपल्याला उघड करून दाखवले आहे. लाहोरच्या परिषदेत होऊ न शकलेले भाषण त्यांनी १९३६ साली "ॲनिहिलेशन ऑफ कास्ट" म्हणून छापले. गांधीजींनी "हरिजन"मधून त्यावर टीका केली. १९३७ साली दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा बाबासाहेबांनी ती टीका स्वतःच्याच पुस्तकाच्या परिशिष्टात छापली आणि तिच्यापुढे आपले उत्तर छापले. वाचकाला समोरच्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत आधी वाचायला मिळावे, मग उत्तर. आपल्या घरोघरी ते पुस्तक आहे. परिशिष्टापर्यंत किती जण जातात, हे मी इथे विचारत नाही.

आणि ज्या वादावर तो उतारा होता, तो वाद न्यायालयातही दोन्ही अंगांनी लढला गेला आहे. १९९२ साली इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने केवळ आर्थिक निकषावरचे दहा टक्के आरक्षण रद्द ठरवले. पुढे २०१९ साली १०३ वी घटनादुरुस्ती झाली आणि २०२२ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती तीन विरुद्ध दोन अशा मतांनी कायम केली. दोन न्यायमूर्तींनी भिन्न मत दिले, आणि अनुसूचित जाती, जमाती व मागासवर्गातल्या गरिबांना तिच्यातून वगळणे त्यांना मान्य झाले नाही. घटना तीच, वकिलांचे युक्तिवाद तेच, तरी निष्कर्ष दोन. फरक कुठे पडला हे शोधायला दोन्ही निकाल वाचावे लागतात, ज्याच्याशी आपण सहमत आहोत तेवढाच वाचून चालत नाही. कायद्याच्या पहिल्या वर्षापासून हेच काम आहे. प्रवेश परीक्षा त्याची फक्त चुणूक दाखवते.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे मला नेहमी विचारतात. क्लॅटमध्ये तिला थोड्या गुणांनी राष्ट्रीय विद्यापीठ मिळाले नाही. तिचे इंग्रजी वाचन हळू होते आणि शेवटचे दोन उतारे राहिले. सीईटीतून तिला चांगल्या महाविद्यालयात जागा मिळाली, आता ती दुसऱ्या वर्षाला आहे, आणि सुट्टीत आली की रविवारच्या वर्गाचा पहिला अर्धा तास तीच घेते. समासात "हे कोणी सांगितले?" असे लिहिण्याची पद्धत आमच्या अभ्यासिकेत तेव्हापासून पडली.

वेळेविषयी थोडे बोलायला हवे, कारण ती तिथेच अडली. एकशेवीस मिनिटांत एकशेवीस प्रश्न म्हणजे उतारा दोनदा वाचायला वेळ नाही. एकदाच, पण पेन्सिल हातात धरून वाचावे. निष्कर्षाखाली रेघ, "बट", "हाउएव्हर", "देअरफोर" यांना गोल, फटीपाशी खूण, बस्स. हा वेग दोन महिन्यांत येत नाही. अकरावीपासून रोज एक संपादकीय वाचावे. आधी मराठी वृत्तपत्राचा अग्रलेख घ्या, त्याचा निष्कर्ष एका ओळीत लिहा, त्याची फट दुसऱ्या ओळीत लिहा. महिनाभराने इंग्रजी घ्या. चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेवा, आणि तिच्यात बरोबर उत्तर लिहून थांबू नका. चुकीचे उत्तर मला बरोबर का वाटले, ते लिहा. ते लिहिताना लाज वाटते, म्हणूनच त्याचा उपयोग होतो. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका परीक्षा घेणाऱ्या संघाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

पाव गुण वजा होतो या भीतीने आमची मुले फार प्रश्न कोरे सोडतात. पालकही सांगतात, "खात्री असेल तरच लिही." जरा हिशोब करा. सोळा प्रश्नांत डोळे मिटून खूण केली तरी सरासरीने चार बरोबर येतील, चार गुण मिळतील. बारा चुकतील, तीन गुण जातील. एक गुण शिल्लकच. याचा अर्थ डोळे मिटून खुणा करा असा नाही. पण चारातले दोन पर्याय तुम्ही तर्काने बाद केले असतील, तर उरलेल्या दोनांतून एक निवडणे हा फायद्याचाच सौदा आहे. तिथे हात आखडू नये. उत्तर ठाऊक नसेल तरी कोणते उत्तर नाही हे ठाऊक असते, आणि ती निम्मी माहितीही परीक्षेत गुण मिळवून देते.

सभागृहाच्या दारापाशी टेबलावर सरावाचा एक उतारा ठेवलेला आहे, प्रत्येकाने जाताना एक प्रत घ्यावी. विषय आहे गावातल्या सार्वजनिक नळाच्या पाणीपट्टीचा. लेखकाचे मत बऱ्याच जणांना आवडणार नाही, ते मुद्दाम तसे निवडले आहे. उत्तरे छापलेली नाहीत. पालकांनीही घरी बसून सोडवून पाहायला हरकत नाही. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता अभ्यासिकेत त्यावर चर्चा होईल, येताना समासात लिहिलेली प्रत घेऊन यावे, आणि पेन्सिल आणावी, पेन नको.